सासूबाई, आम्ही दोघं आणि एक केबिन

माहीमहून निघताना सासूबाईंच्या पिशवीतून दोन नारळ डोकावत होते. (माहीम म्हणजे पालघरचं. मुंबईच्या माहीमला आमच्याकडे ‘ते दुसरं’ म्हणतात.)

“आई, जहाजावर बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत,” मी म्हटलं.

“खायला नाय, दर्याला द्यायला.”

मी नारळ पिशवीत खाली सरकवले.

मुंबई ते गोवा आणि परत. मी, माझा नवरा प्रमोद आणि त्याची आई, तिघं एकाच केबिनमध्ये. ही अट आईंचीच. सासरे गेल्यापासून त्या माहीमला एकट्याच राहतात, सोबतीला नारळी आणि पानवेली (विड्याच्या पानांचे मळे). गेल्या पावसाळ्यात अंगणात घसरल्या, तेव्हापासून प्रमोदचा एकच धोशा: आमच्याकडे बोईसरला राहायला चल. पूर्वी एकदा आल्या होत्या, पण आठवडाभरातच परतल्या. या वेळी म्हणाल्या, “बोटीत एका खोलीत ऱ्हाऊन बगू. जमलं तर येते बोईसरला. नायतर माजी वाडी बरी.”

आमचा फ्लॅट एका बेडरूमचा. खरं सांगते, केबिनमध्ये जमणार नाही आणि सुंठीवाचून खोकला जाईल, असंच माझ्या मनात होतं.

बंदरावरच्या तपासणीत नारळ अडकलेच. आईंनी ते तपासणाऱ्या बाईंच्या हातात ठेवले. “मग तूच दे दर्याला. नमस्कार करून दे.” बाईंनी खरोखरच मान डोलावली.

केबिन पाहून माझा चेहराच पडला. खिडकी नाही. दोन पलंग, आणि तिसरा छतातून खाली ओढायचा. तिथे प्रमोदची रवानगी झाली. उठताना त्याचं डोकं छताला आपटलं की आई खालून विचारायच्या, “लागलं का रे?” आणि तो दर वेळी “नाही” म्हणायचा. न्हाणीघरात एक माणूस शिरला की उरलेल्या दोघांनी पलंगावर पाय वर घेऊन बसायचं. त्यात आईंनी लुगडं धुऊन खोलीभर आडवं वाळत घातलं.

तेही चाललं असतं. पण केबिनचं दार आपोआप बंद होणारं, आणि आईंना बंद दार सोसत नाही. त्यांनी फटीत चप्पल अडकवून ते उघडं ठेवलं. येणारा-जाणारा आत डोकावून जाऊ लागला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. व्यवस्था पाहणारी बाई येऊन म्हणाली, “माँजी, दरवाजा बंद रखना पड़ता है.”

“बंद ठेवला तर आत मानूस जिता हाय का मेला, कसं कळायचं?” आई म्हणाल्या. बाईला मराठी किती कळलं कोण जाणे, पण ती हसून निघून गेली.

जेवायला तर खाण्याची जत्राच होती. उकडलेल्या भाज्यांकडे आईंनी एक नजर टाकली. “मीठ नाय, मसाला नाय. आजाऱ्याचं जेवन हाय का हे?” मग मात्र तीन प्रकारचं आइसक्रीम खाल्लं.

दुसऱ्या दिवशी मला बोट लागली. अशी लागली की डोकं उचलवेना. गोवा आला, सगळी बोट रिकामी झाली. गोव्याचं आईंना भारी अप्रूप. निघायची तयारी करून बसल्या होत्या. मी म्हटलं, “तुम्ही दोघं जाऊन या.”

त्यांनी प्रमोदला एकट्यालाच पिटाळलं. “गोवा काय पळून जातो?”

समोरच्या केबिनमधल्या सुरतच्या बेन पाय दुखतात म्हणून उतरल्या नव्हत्या. उघड्या दारातून मला पाहिलं आणि सुकवलेला आवळा घेऊन आल्या. “बेटी, ये मुँह में रखो.” आईंची आणि त्यांची कालच गट्टी जमली होती. दोघी माझ्या उशाशी बसून, एक मराठीत आणि एक गुजरातीत, आपापल्या घरच्या गोष्टी सांगत राहिल्या. आई बोलता बोलता माझे तळपाय चोळत होत्या. मी संकोचून पाय ओढून घेतले, तर दटावलं, “गप पड.” कितीतरी वर्षांनी मला कुणीतरी असं दटावलं होतं. मला रडू आलं, आणि ते बोट लागल्यामुळे नव्हतं.

परतीच्या दिवशी मी बरी होते. दारात चप्पल मीच अडकवली.

मुंबईला उतरून आमच्या गाडीने महामार्गाला लागलो. मस्तान नाक्याला डावीकडे वळलं की पालघर आणि पुढे माहीम. सरळ गेलं की चिल्हार फाट्यावरून बोईसर. आई मागच्या सीटवर डोळे मिटून बसल्या होत्या. जमलं की नाही, याबद्दल अवाक्षर नाही. नाका जवळ आला तशी मी आरशातून त्यांच्याकडे पाहू लागले. त्या माहीम म्हणाल्या तर?

प्रमोदने गाडी हळू केली आणि हळूच मला विचारलं, “वळू?”

“सरळ घे,” मी म्हटलं. मग मागे वळून म्हणाले, “आई, आपल्या घरी चला. बोईसरला. मला तुम्ही हव्या आहात.”

त्यांनी डोळे उघडले. झोप नव्हतीच त्यात.

“पोरगा तर रोज बोलतो,” त्या म्हणाल्या. “तू कंदी बोलतेस, तेच बगत होते.”