ताईच्या टीममध्ये मी नव्हते

माझ्या सख्ख्या बहिणीनं माझं बाळंतपण केलं नाही.
तिच्या गोलकीपरचं केलं.

आज ताईला जाऊन वर्ष झालं. सकाळपासून तिच्या पोरींचे स्टेटस बघतेय. "आमची आई." "मॅडम, तुम्ही होतात म्हणून आम्ही आहोत." प्रत्येकीकडे तिच्यासोबतचा फोटो आहे आणि प्रत्येक फोटोत ती हसतेय.

माझ्याकडचा फोटो माझ्या लग्नातला आहे. त्यात ती घड्याळ बघतेय. दुसऱ्या दिवशी अमरावतीला मॅच होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. शालिनीताई वर्ध्याच्या एका कॉलेजात मुलींच्या फुटबॉल टीमची कोच होती. रुजू झाली तेव्हा कबड्डी, खो-खो आधीच्या सरांनी वाटून घेतलेले. उरला मुलींचा फुटबॉल, आणि त्यात मुलगी एकही नाही.

मग ही स्कूटीवर गावोगाव फिरायची. घरात शिरून सांगायची, "पोरगी द्या मले."

लोकांना वाटायचं, मुलगी बघायला आल्या.

गिरडला एका कपड्याच्या दुकानदाराकडे तर पोहे झाले, पोरीला साडी नेसवली, चहाचा ट्रे हातात देऊन बाहेर आणली. ट्रे कलला, कप सुटला. पोरीनं खाली वाकून तो जमिनीला लागायच्या आत पकडला.

पोरीच्या बापानं विचारलं, "मॅडम, पोरगा काय करते?"

ताई म्हणाली, "पोरगा नाई जी. गोलकीपर पायजे होती. भेटली."

ती पिंकी.

हा किस्सा ताईनं मला इतक्यांदा सांगितला की मला पिंकीला न बघताच तिचा राग यायला लागला. ताईच्या तोंडी माझा एक तरी किस्सा असेल का? मी पण कधीतरी काहीतरी पकडलं असेल की.

ताईलाही स्थळं यायची. एकांनी विचारलं, "लग्नानंतर हे पोट्ट्या पळवणं बंद करान नं?"
ती म्हणाली, "तुम्ही चहा घ्या."
विषय संपला. मला मात्र वाटायचं, लग्न करायचं नव्हतं तर निदान आमची तरी व्हायचंस.

आई-बाबा गेल्यावर आंजी गावातलं आमचं घर भावाचं झालं. माझं माहेर म्हणजे नालवाडीतली ताईची भाड्याची खोली. दिवाळीला जायचे तर दोरीवर टीमच्या जर्सी वाळत असायच्या, पलंगावर कुणीतरी लंगडी पडलेली असायची. मी माझी बॅग स्वयंपाकघरात ठेवायचे.

माझ्या बाळंतपणाला ती एक दिवस आली. बाळाला घेतलं, पायाचे तळवे बघितले, म्हणाली, "लेफ्ट फूट दिसते." आणि युनिव्हर्सिटी टूर्नामेंटला गेली. सगळं वहिनीनं केलं. वहिनीनं ते अजून विसरू दिलेलं नाही.

पुढे पिंकीनं स्वतःच्या मर्जीनं लग्न केलं आणि बापानं दार बंद केलं. पहिलं बाळंतपण माहेरी असतं. तिला माहेर नव्हतं.

ताईचा मला फोन. "नंदे, डिंकाच्या लाडवाले पाक कसा करते वं?"

मी विचारलं, "कोणासाठी?"

"पिंकी आली नं घरी. आणि शेक कसा देते, तेही सांग."

मी सांगितलं. सगळं नीट सांगितलं. फोन ठेवला आणि रडले.

मग राहवेना म्हणून बघायला गेले. गळ्यात शिट्टी अडकवलेली, ही बाई शेगडी पेटवतेय. बाळंतिणीला चौथ्या दिवशी अंगणात फेऱ्या मारायला लावलेल्या. लाडू असे की कॉर्नर किक मारावी. आणि पिंकी ते कुडुमकुडुम खातेय, "मस्त झाले मॅडम" म्हणतेय.

मला एक लाडू दिला. मी तो घरी आणला, कुणाला दिला नाही.

तिच्या पोरी पोलिसात लागल्या, रेल्वेत लागल्या, दोघी स्वतः कोच झाल्या. पेपरात फोटो आला की मला लोक विचारायचे, "तुम्ही पण खेळत होता का?"
नाही. मी फक्त तिची बहीण होते.

मग कॅन्सर आला. पोरींनी व्हॉट्सॲपवर ग्रुप केला आणि पिंकीनं ड्युट्या लावल्या.
"मावशी, तुम्ही दुपारच्याले येजा."

माझ्या बहिणीजवळ बसायची वेळ मला गोलकीपरनं नेमून दिली. मी गेले. भांडायला तोंडच नव्हतं, तिला सगळं जमत होतं.

शेवटच्या दुपारी मी एकटी होते. ताईचे डोळे मिटलेले. मी तिचे केस विंचरत होते. तिनं माझं मनगट धरलं. घट्ट. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसं.

मला वाटलं, आता म्हणेल. नंदे म्हणेल.

"पिंके, गोल सोडून जाऊ नको वं."

मी म्हणाले, "नाई जात, मॅडम."

तिनं हात सोडला नाही. त्यानंतर ती बोलली नाही.

पिंकी वर्षभर विचारतेय, "मावशी, मॅडम शेवटी काय बोलल्या?" मी म्हणत आले, "काही नाही गं." ते तुला द्यायची माझी तयारी नव्हती.

पिंकी, नाव तुझं घेतलं होतं. घेऊन जा.

पण हात माझा धरला होता. तो मी कुणाला देणार नाही.

ताई, श्रद्धांजली तुझ्या पोरी लिहितीलच, त्या माझ्यापेक्षा चांगलं लिहितात.
तुझ्यावरचा राग गेलेला नाही. सुखानं राहा.