पुंडकर सरांचा हरलेला मोसम

भगवंत पुंडकर सरांना कॉलेजात सगळे ओळखत ते चुन्यामुळे. पंधरा ऑगस्टला झेंड्याभोवती गोल, स्नेहसंमेलनात पाहुण्यांच्या गाड्या लावायला रेघा, परीक्षेत सायकल स्टँडपुढे 'याच्या पुढे येऊ नये'ची रेघ. ही सगळी आखणी शारीरिक शिक्षणाच्या माणसानं करायची असते, असा अकोल्यातल्या त्या कॉलेजचा पक्का समज होता. सरांनी तो समज मोडायचा प्रयत्न केला नव्हता असं नाही. पण मोडायला जोर लागतो, आणि सरांचा जोर रेघा सरळ काढण्यातच जायचा.

सर मूळचे पातूरकडचे. अमरावतीला शिकायला होते तेव्हा फुटबॉल खेळले. बरे खेळायचे, फार चांगले नाही. हे ते स्वतःच सांगत, आणि सांगताना इतके दमलेले दिसत की ऐकणाऱ्याला वाटावं, मॅच आत्ताच संपली. नोकरीला लागल्यापासून दर जूनमध्ये ते प्राचार्यांकडे फुटबॉलची टीम मागत. "पुढच्या वर्षी पाहू," असं म्हणत म्हणत किती तरी प्राचार्य सुखानं निवृत्त झाले. आता सरांच्याच निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. तरी ते सवयीनं पुन्हा गेले.

"काढा टीम," नवे प्राचार्य चिंतामण पाठक म्हणाले.

आपण चुकीच्या केबिनमध्ये आलो की काय, असं सरांना वाटलं. मग कळलं की कॉलेजात तपासणी समिती येणार होती आणि तिला दाखवायला 'नवा उपक्रम' म्हणून काहीच नव्हतं.

"पण एक ऐका, पुंडकर. हरलात तर माझी हरकत नाही. अहवालात 'सहभाग' लिहिता येतो. वॉकओव्हर दिलात तर काय लिहू? एक जरी मॅच सोडली, तर टीम त्याच दिवशी बंद. मग निवृत्त होईपर्यंत तुम्ही आणि तुमचा चुना."

इतक्या वर्षांनी मिळालेली टीम अशी एका अटीवर मिळाली. जिंकायचं नव्हतंच. फक्त हजर राहायचं होतं. सर बायकोला म्हणाले, "सोपं आहे." चारुशीलाबाईंनी तपासायच्या वह्यांतून मान वर काढली. शाळेत मास्तरीण होत्या त्या. हजेरी म्हणजे काय असते, हे त्यांना ठाऊक होतं.

टीम जमवायला गेल्यावर सरांना पहिला शोध लागला तो असा, की कॉलेजात फुटबॉल खेळणारं कोणी नाही. क्रिकेटवाले आले नाहीत. त्यांना पळायचा कंटाळा. मग कबड्डीची पोरं धरली, खो-खोची धरली, आणि उरलेल्या जागा तास बुडवून मैदानाच्या कडेला बसणाऱ्यांतून भरल्या. फुटबॉल माहीत असलेला एकच होता, जठारपेठेतल्या वकिलांचा ईशान. परदेशातल्या सगळ्या क्लबांची त्याला खडान्‌खडा माहिती होती. सगळं डोक्यात होतं. पायांपर्यंत अजून पोचायचं होतं. पण बूट त्याचे स्वतःचे होते, म्हणून तो कॅप्टन झाला.

मैदान काळ्या मातीचं. पावसाळ्यात बूट घालून आत गेलेला पोरगा गमबूट घालून बाहेर यायचा, आणि बॉल तर बसल्या जागेवरून उठायलाच तयार नसायचा. सर त्या चिखलात उभे राहून ओरडायचे. शिट्टी ते वाजवत नसत. शेजारच्या वर्गांना त्रास होतो, अशी तक्रार इतिहासवाल्यांनी पहिल्याच आठवड्यात केली होती. ती शिट्टी सरांनी मुकाट खिशात टाकली आणि सगळा सराव घशाच्या जोरावर चालवला.

पहिली मॅच अमरावतीला झाली. समोरचा पोरगा बॉल घेऊन सुसाट आला, तसा आपल्या एकानं त्याचा घोटा धरला, दुसऱ्यानं कंबर धरली, आणि दोघांनी त्याला अलगद जमिनीवर ठेवून रेफरीकडे गुण मागितला. रेफरीनं दोघांना पिवळं कार्ड दाखवलं. एकानं पकडीचं बक्षीस समजून ते घ्यायला हात पुढे केला. नऊ गोल झाले आपल्यावर. दुसऱ्या मॅचला सहा झाले.

"सहा म्हंजे सुधारणा झाली ना सर?" परतीच्या एसटीत कोणीतरी विचारलं.

"झाली," सर म्हणाले आणि डोळे मिटून घेतले.

आता तिसरी, शेवटची मॅच उरली. ती खेळली की मोसम पुरा, आणि टीम कॉलेजात राहणार. पण ज्यानं कोणी तारखा ठरवल्या, त्याच्या घरी सोयाबीन नसावं. मॅच आली ऐन सोंगणीत. त्यात आभाळ भरून आलेलं. सोयाबीन कापून पडलेलं असताना पाणी आलं की गेलं सगळं, म्हणून जो तो थ्रेशरवाल्याच्या मागे. सरांनी फोन लावायला सुरुवात केली. सोंगणीच्या दिवसांत वऱ्हाडातल्या पोराचा फोन बंद असतो आणि बाप चालू असतो. "आज थ्रेशर आलं ना सर." "उद्या येते ना सर." "आला असता सर, पण पोतं कोन धरन?" कोणी खोटं बोलत नव्हतं, हीच पंचाईत होती.

अकरा तर सोडाच. नियम असा होता की निदान सात जण तरी मैदानात पाहिजेत. सहा झाले की मॅच तिथंच थांबते आणि वॉकओव्हर धरतात. शहरातले आणि वावर नसलेले मिळून बरोब्बर सात जमले. म्हणजे एकाचा पाय मुरगळला की खेळ आटोपला. आठवा हवाच होता. सरांनी मोटारसायकलला किक मारली आणि विपुलचं गाव गाठलं.

विपुल कबड्डीतला. डाव्या कोपऱ्यावरचा, पकडीला भारी, आणि फुटबॉलमध्ये आत्तापर्यंत राखीव. त्याचे वडील नत्थुजी वावराच्या धुऱ्यावर उभे होते. मागे सोयाबीनची गंजी आणि गंजीला लागून थ्रेशर धडधडत होतं.

"उद्या विपुलला न्यायचं होतं. मॅच आहे," सर म्हणाले.

"कायची?"

"फुटबॉलची."

"मांगच्या दोन्ही टायमाले गेलता ना थो. काय केलं तिथी?"

"राखीव होता."

"म्हंजे?"

"बसून होता."

"बसाले अमरावतीले नेता तुमी पोराले?" नत्थुजी मनापासून चकित झाले. "बसाचंच असन तं आमच्या वट्यावर जागा हाय की सर."

"उद्या खेळणार आहे. नाही आला तर टीमच बंद पडते."

"तुमची टीम बंद पडते, अन् माह्यी गंजी भिजते." नत्थुजींनी आभाळाकडे बोट दाखवलं. "एक मानूस कमी हाय पयलेच. त्याच्यात ह्याले नेलं तं उद्यापावतर उरकत नाई. तुमीच सांगा, म्या काय करू?"

सरांनी आभाळाकडे पाहिलं, गंजीकडे पाहिलं, मग आपल्या इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं. वाद घालायला सुद्धा ताकद लागते. ती त्यांच्याकडे नव्हती. त्यांनी बाह्या वर केल्या.

"आज उरकलं तर उद्या सोडाल?"

"उरकलं तं काहून नाई सोडनार?" नत्थुजी हसू दाबत म्हणाले. "पन सर, कॉलेजात काय शिकवता तुमी?"

"खेळ."

"अन् थे बी शिकवा लागते? चाला, टोपलं घ्या."

सर दिवसभर थ्रेशरच्या तोंडाशी राबले. कुटाराचा, म्हणजे सोयाबीनच्या भुशाचा, धुराळा नाकातोंडात, मानेवर, शर्टाच्या आत. त्या धुराळ्याची खाज अशी, की दहा बोटं पुरत नाहीत. विपुल बिचारा संकोचानं मरून चालला होता. सरांना टोपलं उचलताना बघून दर खेपेला "सर, द्या इकडे" म्हणायचा. तिसऱ्या प्रहरी सरांची कंबर गेली, आणि दिवस मावळताना आवाज गेला. पण गंजी संपली. नत्थुजींनी स्वतः चहा आणून दिला आणि म्हणाले, "घेऊन जा सर पोराले. पन या डावाले बसवू नोका हं."

सर "नाही" म्हणाले. ते फक्त ओठांना कळलं.

घरी चारुशीलाबाईंनी दार उघडलं आणि सुजलेले डोळे, केसांतलं कुटार पाहून विचारलं, "आज कोणाच्या वावरात भरलं होतं कॉलेज?" उत्तर द्यायला आवाज नव्हता. त्यांनी गरम पाणी काढून दिलं.

दुसऱ्या दिवशी अमरावतीच्या मैदानावर आठ जण उतरले. समोर अकरा, आणि त्यांचे राखीव वेगळे. ऊन असं, की वाटावं, ढग काल नत्थुजींना घाबरवण्यापुरतेच आले होते. गोल होत राहिले. सरांनी ते मोजायचं सोडून पोरं मोजायला सुरुवात केली. आठ. आठ. मध्यंतरानंतर खो-खोच्या पोराच्या पिंढरीत गोळा आला आणि त्याला उचलून बाहेर आणलं. सात.

आता कोणी पडायचं नव्हतं. सरांनी हातांनी खुणा करून सगळ्यांना सांगितलं: हळू. दमलात तर आतच बसा, पण आत. पोरांनी माना डोलावल्या.

मॅच संपत आली होती. समोरचा एक जण बॉल घेऊन पुढे आला आणि विपुलनं, इतका वेळ हातापायांना आवर घालून थकलेल्या विपुलनं, आयुष्यभराच्या सवयीनं त्याचा घोटा धरला. रेफरीची शिट्टी वाजली.

फुटबॉलच्या मॅचमध्ये विपुलसाठी वाजलेली ही पहिली शिट्टी. कबड्डीत पंचानं शिट्टी मारून बोट दाखवलं की काय करायचं, हे त्याला शाळेपासून ठाऊक होतं. तो उठला, कपडे झटकले, मान खाली घालून सरळ मैदानाबाहेर गेला आणि पलीकडच्या रेघेबाहेर मांडी घालून बसला. बाद झालेल्यानं बसायचं असतं.

मैदानात सहा.

रेफरीची पाठ तिकडे होती. समोरच्यांनी फ्री किकसाठी बॉल ठेवला. ती किक बसायच्या आधी विपुल आत आला नाही, तर रेफरी मोजणार, सहा भरणार, आणि शेवटच्या मॅचच्या शेवटच्या घटकेला वॉकओव्हर. सर ओरडले. म्हणजे त्यांनी तोंड उघडलं. घशातून कालच्या कुटाराखेरीज काही बाहेर आलं नाही. त्यांनी दोन्ही हात हलवले. सर चिडलेत असं समजून विपुलनं मान आणखी खाली घातली.

सरांचे हात दिसले ते ईशानला. त्यानं सरांकडे पाहिलं, पलीकडे बसलेल्या विपुलकडे पाहिलं, आणि आतली पोरं मोजली. समोरचा पोरगा किक मारायला धावत निघाला होता. परदेशी क्लबांची सगळी माहिती बाजूला ठेवून ईशाननं सरळ बॉलवर झेप घेतली, तो पोटाखाली घेतला आणि हातापायांनी घट्ट कवटाळून पडून राहिला.

"अरे, काय चाललंय!" रेफरी धावत आला. समोरचे चारपाच जण ईशानला उलटा करायला लागले. कासव उलटं होईना.

"विपुल्या!" ईशान मातीतून ओरडला. "आत ये! तू आऊट नाहीयेस, गाढवा, फुटबॉलमध्ये आऊट नसतं! आत ये आधी!"

विपुलनं मान वर केली. आपण बाद नाही, ही बातमी त्याच्या चेहऱ्यावर पसरायला जरा वेळ लागला. मग तो असा पळत आला, की त्या मोसमात आपल्या टीममधलं कोणी तेवढं जोरात पळालं नव्हतं.

"रेफरी, सहाच होते! आम्ही मोजलेत!" समोरचे कोच ओरडले.

रेफरीनं बोटानं मोजलं. सात. एक जमिनीवर आडवा होता, पण होता. "किक झालेली नाही," तो म्हणाला. त्यानं ईशानला पिवळं कार्ड दाखवलं, मग विचार करून विपुललाही दाखवलं. त्या किकवर गोल झाला. त्याचं कोणाला काही वाटलं नाही. थोड्या वेळानं शेवटची शिट्टी वाजली तेव्हा विपुलनं घाबरून ईशानकडे पाहिलं, आणि ईशाननं त्याचा दंड धरून ठेवला.

सरांनी प्राचार्यांना मेसेज केला: हरलो. पूर्ण खेळलो. उत्तर आलं: छान. पुढच्या वर्षी टीम चालू ठेवा. सरांनी ते पुन्हा एकदा वाचलं. एवढ्यासाठीच तर सगळं केलं होतं. आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी त्यांना डोळ्यांपुढे पुढचा ऑक्टोबर दिसला, बंद फोन दिसले, गावोगावच्या गंज्या दिसल्या, आणि ते मैदानाच्या कडेला खाली बसले ते चटकन उठलेच नाहीत.

एसटी बडनेरा सोडून अकोल्याकडे लागली. पोरं एकमेकांच्या खांद्यांवर झोपलेली. विपुल सरांच्या शेजारी जागाच होता.

"सर, थे आऊट नव्हतं, तं मंग शिट्टी काहून मारली त्यानं?"

सरांना खरं तर झोपायचं होतं. पण आता पुढचं वर्ष होतं. त्यांनी खिशातून तिकीट काढलं, त्याच्या मागे पेनानं मैदान आखलं आणि बसलेल्या घशानं, एकेक शब्द ओढून काढत, पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. मूर्तिजापूर यायच्या आत विपुलची मान त्यांच्या खांद्यावर पडली. पुढच्या सीटवरचा ईशान मागे वळून म्हणाला, "सर, झोपला तो."

"मग तू ऐक," सर म्हणाले. "हात कुठं लावायचा नाही, हे तुलाही कळलेलं दिसत नाही."