सेतुमाधवरावांच्या ओसरीवरची बैठक

मी ज्या दिवशी आयुष्यात सगळ्यात खरं बोललो, त्या दिवशी माझं लग्न मोडता मोडता राहिलं. हसू नका. चहा घ्या आधी, निवतोय. आणि मी मूर्ख होतो की नुसताच बिनमाहितीचा, ते शेवटी तुम्हीच ठरवा.

तर मी पुण्याचा, नोकरी चेन्नईत, आणि जिच्यावर जीव जडला ती वैदेही कुंभकोणमची. घरात मराठी बोलणारं, पण तीनशे वर्षांपूर्वी तंजावरकडे येऊन तिथलंच होऊन गेलेलं घराणं. वैदेही दातांची डॉक्टर. चेन्नईत शिकायला होती तेव्हा आमची ओळख झाली, मग तिनं गावात दवाखाना काढला आणि मी दर महिन्याला दात दुखतो म्हणून गाडीत बसू लागलो. शेवटी ती म्हणाली, "आता अप्पांस येऊन भेट. आदितवारी सकाळी ये."

"रविवारी? तुझा तर दवाखाना असतो."

"असू दे की. आदितवारी ओसरीवर अप्पांची बैठक असते. बस, गप्पा मार. जो चार विषयांवर बोलू शकतो तो माणूस अप्पांस आवडतो."

बस्स, एवढंच सांगितलं तिनं. यापुढचं जे सांगायला हवं होतं ते सांगायचं तिच्या डोक्यातच आलं नाही, कारण ती त्यातच लहानाची मोठी झालेली. पाणी वरून खाली वाहतं हे आपण पाहुण्याला सांगतो का?

सकाळी स्टेशनवरून येताना देवळाबाहेर हत्तीण उभी होती. तिनं डोक्यावर सोंड ठेवली. मला फार बरं वाटलं. शुभशकुन झाला म्हणून मी स्वतःच्या पाठीवर थाप मारून घेतली.

अप्पा म्हणजे सेतुमाधवराव. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले, उंच, कमी हसणारे. त्यांच्या शेजारी ओसरीवर दोघं. एक विठोबाराव, गोविंदपुरमच्या विठ्ठलमंदिरात भजन म्हणणारे. दुसरे कृष्णाजीराव, उभा जन्म संगणकात घालवलेले. वैदेहीची आई, कमलाअम्मा, पितळी पेल्यांतून कापी, म्हणजे कॉफी, देऊन आत गेल्या. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलंही नाही. या लग्नाला त्यांची तयारी नव्हती हे वैदेहीनं मला आधीच सांगून ठेवलं होतं. अप्पांच्या मनात काय आहे ते मात्र तिलाही ठाऊक नव्हतं.

पहिला विषय निघाला, देवळात खरा हत्ती असावा की यंत्राचा. हल्ली काही देवळांत यंत्राचे हत्ती आलेत, कान हलवतात, सोंडेनं पाणी उडवतात.

मला वाटलं भजनी बुवा खऱ्या हत्तीसाठी भांडणार. तर विठोबाराव म्हणाले, "यंत्राचाच बरा. त्यास साखळदंड नको, भूक नको. देवास काय, भाव पाहिजे." आणि यंत्रांत जन्म घालवलेले कृष्णाजीराव तावातावानं म्हणाले, "जिवंत डोळे पाहिले नाहीत तर लेकरांस दया कुठून येणार? यंत्र दया शिकवतं काय?"

मी थक्क झालो. काय हे गाव! भजनी माणूस आधुनिक आणि इंजिनिअर भाविक. आमच्याकडे चर्चेत कोण काय बोलणार हे त्याच्या कपड्यांवरून कळतं.

अप्पा यंत्राच्या बाजूनं बोलले. मला खरं तर सकाळच्या त्या सोंडेचा स्पर्श अजून आठवत होता. पण सासरा व्हायचा माणूस यंत्र म्हणतोय, तर मी कशाला हत्तीसाठी नातं तोडू? मी म्हणालो, "अगदी बरोबर, अप्पा. यंत्राचा हत्ती हाच खरा भूतदयेचा मार्ग."

अप्पांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. मी मनात म्हटलं, जमतंय.

दुसरा विषय आणखी मोठा. फोनच आता सगळ्या भाषांचं भाषांतर करतो, तर पोराबाळांस घरची मराठी शिकवायची कशाला? अप्पा म्हणाले, "कशास शिकवायची? दुकानात तमिळ, हपिसात इंग्रजी. तीनशे वर्षं वाहिली, पुरे झालं. खाली ठेवा ओझं."

वैदेही 'सांगिटलं', 'घेटलं' म्हणते ना, ते ऐकताना मला वाटतं कुणी जुन्या पेटीतून पणजीचा शालू काढून दाखवतंय. तरी मी मान डोलावली. म्हणालो, "हो. भाषा काय, सोय आहे नुसती."

किती लाचार असावं माणसानं! पण अप्पा चक्क माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमचं आमचं मत एकच निघालं. बेस."

मग त्यांनी तिसरा विषय काढला, आणि काढताना माझ्याकडे पाहिलं. मुलांनी आपलं लग्न आपण ठरवावं काय?

अप्पा सावकाश बोलले. "ठरवू नये. पोरांस प्रेम दिसतं, अंतर दिसत नाही. आमची मराठी ऐकून पुण्याकडचे हसतात. लेक तिकडे जाईल, तोंड उघडेल, लोक हसतील. एकदा हसतील, दोनदा हसतील, मग ती बोलायचंच सोडेल. मुकी झालेली लेक बघायची असेल तर द्यावी तिकडे."

आतल्या दाराशी बांगड्या वाजल्या. कमलाअम्मा तिथं उभ्या राहून ऐकत होत्या.

आता मात्र माझा धीर सुटला. कारण मी हसलो होतो हो. पहिल्या भेटीत, तिच्या पहिल्याच वाक्याला. ती तेव्हा गप्प झाली होती आणि ती शांतता मला अजून टोचते. हत्ती गेला, भाषा गेली, इथंही मान डोलावली तर वैदेहीही गेली. मी उभा राहिलो.

"अप्पा, मला हे पटत नाही. मी हसलो होतो, खरं आहे. त्याची मला लाज वाटते. पण मला वैदेहीशीच लग्न करायचंय. तिला पुण्याला नेणार नाही. तिचा दवाखाना इथं आहे, माझं काम लॅपटॉपवर आहे, मी इथं येऊन राहीन. आणि आमच्या मुलांना मी तुमचीच मराठी शिकवीन. मला येत नाही, तर आधी मी शिकेन."

इतकं खरं मी आईशीसुद्धा कधी बोललो नव्हतो.

विठोबारावांनी उपरण्यानं डोळे टिपले. कृष्णाजीराव जमिनीकडे बघत राहिले. मग विठोबाराव म्हणाले, "काय बोलले! आजवर इथं असं कुणास जमलं नाही." आणि सुस्कारा टाकून, "बिचारी पोरगी."

बारा वाजले. बैठक उठली. मला वाटलं, म्हातारे गहिवरले, किल्ला पडला.

पण पानावर बसलो तर वारंच फिरलेलं. केळीच्या पानावर अप्पा स्वतः वाढत होते, दवाखान्यात भेटायला आलेल्या माणसासारखे हळू बोलत होते. कमलाअम्मांनी एकदा भात वाढला आणि पुन्हा त्या फिरकल्याच नाहीत. पायसम संपताना अप्पा म्हणाले, "मनात नाही ते करू नये. तुम्ही मोकळं सांगिटलं, बेस केलं. आमचा राग नाही."

झालं! म्हणजे मुलगी द्यायचं यांच्या मनात नाही. तेही किती सभ्यपणानं सांगतायत. मीही मग उदात्तपणा दाखवला. म्हणालो, "समजलो, अप्पा. मी संध्याकाळच्या गाडीनं जातो."

"सरी, बरं," अप्पा म्हणाले, आणि त्यांचा आवाज बसला होता.

मी स्टेशनवर बाकावर बसून होतो. पोटात त्यांचंच पायसम आणि हातात परतीचं तिकीट, अशी स्थिती. इतक्यात वैदेहीचा फोन आला.

"माझ्या बापाच्या तोंडावर मला नको म्हणालास? सगळ्यांसमोर?"

"मी? मी नको म्हणालो? अगं, मी जीव तोडून हो म्हणालो!"

"तेच तर. बैठकीत हो म्हणालास."

मग तिनं अगदी बारीक आवाजात विचारलं, "तुला नियम सांगिटला नव्हता काय मी?"

नियम असा. त्या ओसरीवर आपलं मत मांडायचं नाही. समोरच्याचं मांडायचं, आणि इतकं मनापासून मांडायचं की समोरच्यानं म्हणावं, मलाही इतकं नीट सांगता आलं नसतं. फार वर्षांपूर्वी अप्पा आणि विठोबाराव कसल्याशा वादावरून अबोला धरून बसले होते. तो सोडवायला हा तोडगा काढला, तो चालूच राहिला.

मी फोन हातात धरून सगळी सकाळ उलटी करून पाहिली. विठोबारावांना खरा हत्ती प्रिय. अप्पांचा जीव त्या मराठीत अडकलेला. मी दोन्ही वेळा लाचारीनं खोटं बोललो आणि दोन्ही वेळा नियमात चोख बसलो. आणि लग्नाबद्दल अप्पा जे बोलले ते त्यांचं नव्हतंच. ती कमलाअम्मांची भीती होती. त्या कधी बैठकीत बसत नाहीत, म्हणून त्यांच्या वतीनं नवरा बोलला, एवढ्या आर्ततेनं की मलाही ती खरी वाटली. स्वतः अप्पा तर मला हो म्हणत होते, त्यांच्या पद्धतीनं. माझ्या घरात मी कुणाची भीती अशी उचलून धरली होती कधी? मला एकही प्रसंग आठवेना, आणि त्या बाकावर मला खरंच वाईट वाटलं.

"परत जा," वैदेही म्हणाली. "मी दवाखाना बंद करून येते. आणि आता तरी नीट सांग."

मी रिक्षा केली. वाटेत वाक्यं जुळवली. म्हटलं, आता नियम कळलाय. आता चूक नाही.

दार कमलाअम्मांनी उघडलं. मी श्वास घेतला आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "अम्मा, मला तुमच्या वैदेहीशी लग्न करायचं नाही. अजिबात नाही. मला ती आवडत नाही. तिची मराठी तर मुळीच आवडत नाही."

कमलाअम्मांनी पदर कमरेला खोचला.

"सकाळी उलटं बोलून नको म्हणाले. आता सुलटं बोलून नको म्हणतात. अहो, माझ्या लेकीत कमी काय आहे? अख्ख्या गावात तिच्यासारखी दुसरी दाखवा मजला. नको म्हणणारे तुम्ही कोण?"

मागून वैदेहीची स्कूटर आली. तिनं शेवटची वाक्यं ऐकली होती. ती हेल्मेटसकट पायरीवर बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. रडत होती की हसत होती, मला कळेना.

अप्पा झोपाळ्यावरून उठून आले. आधी लेकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसले.

"कमले, थांब. हे आताच नियम शिकून आलेले दिसतात." मग मला म्हणाले, "जावईबापू, बैठक बारास संपली."

अम्मांच्या डोक्यात हळूहळू प्रकाश पडला. पण राग इतक्या लवकर कसा उतरावा? सकाळपर्यंत ज्यांना हे लग्न नको होतं, त्याच बाईंनी माझ्यासमोर उभं राहून दरडावून विचारलं, "मग सरळ सांगा. माझी लेक हवी की नको?"

आता एवढं झाल्यावर कुणीही शहाणा माणूस काय करेल? पटकन हो म्हणेल. मीही म्हणालो. पण त्याआधी मी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. ते वैदेहीनं पाहिलं, आणि अजून विसरलेली नाही.