विलास वाइंडरची थेटरातली जाहिरात

विलासने कंपनीतली कायम नोकरी सोडली, तेव्हा अख्ख्या दापोडीने त्याला वेड्यात काढलं. कंपनीत तो मोटारींचं वाइंडिंग करायचा, आणि हात असा की तारेचा वेढा कधी चुकला नाही. पण फोरमनशी खटका उडाला नि हे महाशय राजीनामा देऊन मोकळे! घराच्या पुढच्या खोलीत टेबल टाकलं, दारावर पाटी लावली. पंखे, इस्त्र्या, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करून मिळतील. पाटीखाली येऊन उभ्या राहायच्या त्या गल्लीतल्या शेळ्या.

तीन महिन्यांत फंडाचे पैसे तळाला गेले आणि त्याची झोप उडाली. त्यातच कंपनीतले प्रभाकर साहेब बसस्टॉपवर भेटले.

"तुझी जागा अजून भरलेली नाही. एक तारखेपर्यंत सांग. नंतर माझ्या हातात काही नाही."

म्हणजे उरला एकच महिना. धंदा चालतो की नाही, तेवढ्यात ठरवायचं. विलासने काय करावं? पिंपरीच्या थेटरात मध्यंतरात पडद्यावर दाखवायला जाहिरातीची काचेची स्लाइड दिली. महिन्याचे चाळीस रुपये! त्याची बायको कस्तुरा, तिने लगेच विचारलं.

"अहो, पण गिऱ्हाईक स्लाइड बघून आलं की आपलं आपण आलं, हे कळणार कसं?"

प्रश्न बिनतोड होता. पण विलास कंपनीत मुरलेला. तिथे केलेला नग न् नग कार्डावर चढतो, मगच तो झाला म्हणायचा. त्याने स्लाइडवर लिहून घेतलं, 'जाहिरात पाहून आलो असे सांगणाऱ्यास आठ आणे सूट.' आणि खोलीच्या भिंतीवर खडूने दोन रकाने आखले. डावीकडे स्लाइडवाले, उजवीकडे बाकीचे.

पहिल्या दिवशी नवरा-बायको थेटरात जाऊन स्लाइड बघून आले. पडद्यावर स्वतःचं नाव बघून विलास खुर्चीतून अर्धा उठलाच.

आठवडा गेला. भिंत कोरी. दारात कुणाची सावली पडली की हा उठून उभा राही. ताटावर बसला की चार घास चिवडून उठे. त्याची आई केसरबाई भाजीची पाटी घेऊन कामगारांच्या चाळीचाळींतून फिरायची. ती संध्याकाळी येई, लेकाकडे बघे, भिंतीकडे बघे आणि भाजी निवडायला बसे.

दुसऱ्या आठवड्यात मात्र गंमत झाली. एक पंखा आला. "स्लाइड पाहिली तुमची." मग दोन इस्त्र्या, मग पाण्याची मोटार. महिनाअखेर डावीकडे एकतीस रेघा, उजवीकडे चार! विलासने चारचारदा मोजल्या. मग इस्त्रीचा शर्ट घालून प्रभाकर साहेबांकडे गेला आणि नोकरी नको म्हणून सांगून आला. येताना थेटरात पुढच्या महिन्याचे चाळीस रुपये भरले.

रविवारी तो कस्तुराला घेऊन पुन्हा थेटरात गेला. मध्यंतर झालं. साबण आला, साड्यांचं दुकान आलं, चहा आला. विलास काही आला नाही. तो धावतच वर ऑपरेटरच्या खोलीत गेला.

"ती होय? चौथ्याच दिवशी तडकली ना काच. मॅनेजरला सांगितलं होतं मी."

मग एकतीस माणसांनी पाहिलं काय?

घरी आला तर दारात कामगारांच्या चाळीतले सोपानराव, बगलेत इस्त्री. "स्लाइड बघून आलो बरं का!"

"कधी पाहिलीत?"

सोपानराव चाचरले. "आता तुमच्यापुढं काय लपवायचं राव. तुमच्या आईनंच सांगितलं. म्हणाल्या, पोराचा हात चांगला हाय, पण स्लाइड बघितली असं सांगा, आठ आणे सुटतात."

विलास आत गेला तो तणतणतच. केसरबाई मेथी निवडत होती.

"आये, असं का केलंस गं? मी त्या रेघांवर नोकरीला नाही म्हणून आलो!"

केसरबाईचा हात थांबला. नोकरीचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

"मला काय ठावं रं? डाव्या अंगाला रेघ वडलीस की त्या दिशी तू पोटभर जेवायचास. मला तेवढंच दिसत व्हतं."

राग कुणावर काढायचा? बाहेर सोपानराव इस्त्री घेऊन ताटकळत होते.

शेवटी विलास म्हणाला, "सांगत जा लोकांना. पण स्लाइडचं नि आठ आण्यांचं काढू नकोस आता."

"मग येतील का रं ते?" केसरबाईने विचारलं.

विलासने उठून सोपानरावांची इस्त्री घेतली आणि भिंतीवर उजवीकडे एक रेघ ओढली.