पहिलीच्या बाई सहावीत जाताना

एकोणीस वर्षं एकच वर्ग शिकवल्यामुळे बाईंचं खरं नाव मागे पडलं होतं. किराणा दुकानदार, पोस्टमन, शेजारीपाजारी, सगळे त्यांना 'पहिलीच्या बाई' म्हणत. सासूबाईही फोनवर "आमच्या पहिलीच्या बाई बाहेर गेल्यात" असंच सांगायच्या. त्यात थोडा टोमणाही असे, कारण बाई घरातही वर्गासारख्याच बोलत. एकदा पाहुण्यांच्या हातात पाण्याचा पेला देताना "सांडायचं नाही हं" असं त्यांच्या तोंडून निघून गेलं होतं.

सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी मुख्याध्यापिकांनी त्यांना बोलावलं.

"सहावीच्या बाई निवृत्त होतायत. पुढच्या वर्षी तो वर्ग तुम्ही घ्या."

"मला पहिलीच बरी, मॅडम."

"एकोणीस वर्षं पहिलीतच बसलेल्या मुलाला आपण काय म्हणतो?" मुख्याध्यापिका हसल्या आणि मुलांची यादी त्यांनी पुढे सरकवली.

तेविसाव्या नावावर बाईंची नजर अडकली. ते नाव शाळेत कोणीच वापरत नसे. त्या मुलीला सगळे 'घुमी' म्हणत. आणि ते नाव बाईंनीच ठेवलं होतं.

पाच वर्षांपूर्वी ती पहिलीत आली तेव्हा हाक मारली तरी वळून बघायची नाही. प्रश्न विचारला की नुसती तोंडाकडे बघत राहायची. गाणं सुरू झालं की सगळ्यांच्या मागून ओठ हलवायची. बाई एकदा सहज, लाडानंच म्हणाल्या, "आमची घुमी आहे ही." वर्ग खदाखदा हसला. नाव चिकटलं ते चिकटलंच.

लाड पुढे आटला. एका दुपारी तिनं तीनदा सांगूनही पाटी काढली नाही, म्हणून बाईंनी तिला कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभं केलं. मग घंटा झाली, मुलं पळाली, बाईही शिक्षकांच्या खोलीत गेल्या. चष्मा विसरला म्हणून अर्ध्या तासानं परत आल्या, तर रिकाम्या वर्गात ती तशीच उभी. दोन घट्ट वेण्या, मधे बारीक मान.

"जा आता घरी," बाई दारातून म्हणाल्या.

ती हलली नाही.

"बघा कसा हट्ट आहे!" असं स्वतःशीच म्हणत बाईंनी तिची वही उघडली आणि शेरा लिहिला: 'मुद्दाम ऐकत नाही. घरी समज द्यावी.' दुसऱ्या दिवशी मुलगी शाळेत आली तेव्हा तिच्या पोटऱ्यांवर वळ होते.

तिसरीत आरोग्य तपासणी झाली, तेव्हा कळलं की तिला डाव्या कानानं काहीच ऐकू येत नाही आणि उजव्यानं अर्धवट येतं. त्या दुपारची घंटा तिला ऐकूच आली नव्हती.

हे कळल्याच्या दुसऱ्या दिवशी बाईंनी शिपायाला सांगून लाकडी कपाट त्या कोपऱ्यात सरकवून घेतलं. व्हरांड्यात ती मुलगी समोरून आली, की त्या हातातल्या वह्यांत काहीतरी शोधू लागत. पण कपाटामागे कोणीतरी उभं आहे असं त्यांना भर दुपारी वाटायचं. मुलं डोकी खाली घालून लिहीत असली आणि वर्ग शांत झाला, की त्यांची नजर तिकडेच जायची. वर्ग रिकामा करताना त्या कधी शेवटच्या निघत नसत.

आता तो वर्ग सोडायचा म्हणजे कपाट हलवणं आलं. शिपायानं ते ओढलं तेव्हा बाई बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. आत आल्या तेव्हा कोपऱ्यात धूळ होती, एक पेन्सिलीचा तुकडा होता, आणखी काही नव्हतं. पण त्यांना तिकडे पाठ करवेना. सामान त्यांनी भिंतीकडे तोंड करूनच बांधलं.

सुट्टीत तयारी सुरू झाली. अपूर्णांकांनी त्यांचा घाम काढला. पण खरी अडचण फळ्याची होती. फळ्यावर लिहिताना मुलांकडे पाठ होते, आणि पाठ झाली की त्या मुलीला बाईंचे ओठ दिसणार नाहीत. बाईंनी स्वयंपाकघराच्या दाराला काळा कागद चिकटवला आणि अंग तिरकं ठेवून लिहायचा सराव सुरू केला. सासूबाईंना समोर बसवलं, त्यांच्या कानांत कापूस घातला.

"काय म्हणाले मी, आई?"

"सहा पेरू खाल्ले म्हणालीस."

"सहाचा छेद काढा म्हणाले!"

"मग तोंड उघडून बोल की. एरवी माझ्यावर ओरडताना बरं उघडतं."

बाई हसल्या आणि हसता हसता त्यांना रडू फुटलं. सासूबाईंनी कानातला कापूस काढला. सगळं ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, "भिंतीशी काय बोलतेस? त्या पोरीच्या घरी जा."

मुलीची आई शिवणकाम करायची. पुढच्या खोलीत मशीन, ब्लाउजच्या कापडांचे ढीग. बाईंना बघून तिनं पाय थांबवला, पण उठली नाही.

"या वर्षी तुमच्या मुलीचा वर्ग माझ्याकडे आहे," बाई म्हणाल्या. "पण त्यासाठी नाही आले. पहिलीत मी जो शेरा लिहिला होता..."

"माहितीये मला शेरा."

"चूक झाली माझ्याकडून. माफी मागायला आले."

शिवणारणीनं दातांनी दोरा तोडला. "तुम्ही माझ्याकडे माफी मागाल, बाई. आणि मी कोणाकडे मागू? तुम्ही नुसतं लिहिलंत. हात माझा होता."

तेवढ्यात मुलगी आतून आली. उंच झाली होती. कानात ऐकायचं मशीन नव्हतं. घरी ती ते काढून ठेवायची, कारण त्यात शिट्टी वाजायची. बाई उठून तिच्यासमोर उभ्या राहिल्या आणि सावकाश बोलल्या, "आता मी तुझी बाई आहे."

"माहितीये," मुलगी म्हणाली. तिचा आवाज जरा मोठा होता. "तुम्ही पाठ करून बोलता."

"आता नाही बोलणार."

मुलीनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. "बघू," म्हणाली आणि आत गेली.

शाळा सुरू झाली. बाईंनी पटावरचं नाव मोठ्यानं पुकारलं, तेव्हा ही नवीन मुलगी कोण म्हणून अर्धा वर्ग इकडेतिकडे बघू लागला. कोणीतरी म्हणालं, "बाई, ती तर घुमी."

"ते नाव मी ठेवलं होतं," बाई म्हणाल्या. "चुकून ठेवलं. आजपासून या वर्गात ते कोणी घ्यायचं नाही."

बाईंनी तिच्यासाठी पहिला बाक राखून ठेवला होता. तिकडे बोट दाखवलं तर मुलीनं मान हलवली.

"इथून फक्त तुम्ही दिसता. बाकीचे बोलतात ते कळत नाही. मला तिकडे बसू द्या." आणि ती खिडकीकडच्या मधल्या बाकावर, बाजूच्या भिंतीला पाठ टेकून, वर्गाकडे वळून बसली. तिथून तिला सगळ्यांचे चेहरे दिसत. एवढ्या तयारीत ही गोष्ट बाईंच्या डोक्यातच आली नव्हती.

बाईंच्या फळ्यावरच्या ओळी वर्षभर उताराला लागल्यासारख्या खाली जात. मुलं हसत, बाई हसू देत. ती मुलगी बेतानं अभ्यास करी, प्रश्न विचारी, पण बाईंशी मोकळी कधीच झाली नाही. बाईंनीही तशी अपेक्षा ठेवली नाही. जुन्या वर्गावरून जाताना त्यांचे पाय अजूनही भरभर पडत.

वर्षाच्या शेवटी शिवणारीण शाळेचा दाखला न्यायला आली. कर्णबधिर मुलांची चांगली शाळा असलेल्या गावी ते कुटुंब राहायला जाणार होतं.

"काही म्हणते का माझ्याबद्दल?" बाईंच्यानं विचारल्यावाचून राहवलं नाही.

"नाही," आई म्हणाली. मग थोडं थांबून, "वाईटही नाही म्हणत."

बाईंनी मुख्याध्यापिकांची सही आणली, शाई वाळेपर्यंत कागद हातात धरला, आणि मग तिला दिला.