बीडिंगखालची सही

गेले दोन महिने आमच्या घरी चहा अर्धा कप मिळतो. साखरेबद्दल तक्रार नाही, आल्याबद्दल तर नाहीच... पण कप अर्धा. या अन्यायाची कुठेतरी नोंद व्हावी म्हणून ती आधी इथे करून ठेवतो.

आता मूळ मुद्दा. परवा तानसा तलावाजवळच्या एका बंगल्यात मी भर दुपारी आरडाओरडा करून आलो. जन्मभर संस्कृत शिकवलेल्या माणसाला शोभणार नाही इतका.

आमची ही, म्हणजे वसुधा, काचेवर काम करते. मुरबाडहून घासून आणलेल्या धूसर काचेवर ती गरम सरस, म्हणजे जनावरांच्या हाडाकातड्यांचा डिंक, ओतते आणि काच गच्चीवर उन्हात ठेवते. सरस सुकताना आक्रसतो, काचेचे बारीक टवके उपटून काढतो... आणि मागे उरते पानापानांची नक्षी. (सरस शिजतानाचा वास संध्येला बसलेल्या माणसाच्या नाकात शिरला की काय होतं, ते प्रकरण स्वतंत्र.)

अडचण एकच. असल्या खडबडीत काचेवर सही करायची कशी? मार्कर खाचांतून पसरतो, रंग चार वेळा पुसला की निघतो, कोरायच्या मशीनची सुई टवक्यांवरून उडते. माझं शाईचं पेनही तिने एकदा या यज्ञात टाकलं. सही दरवेळी वेडीवाकडी.

मग मी संशोधनाला बसलो. मागच्या गुळगुळीत बाजूने उलटी अक्षरं काढ, म्हटलं. ते नको असेल तर काच घासायला देण्याआधीच कोपऱ्यात चिकटपट्टी लाव... तेवढी जागा सपाट राहील, तिथे कोर.

"अहो, लेणी खोदणाऱ्यांनी कुठे नावं घातली? तुम्हीच वर्गात सांगायचात ना?"

"म्हणूनच ती कुणाला ठाऊक नाहीत," मी म्हणालो. शेवटी चिकटपट्टी लागली, सही झाली. मला मात्र दाखवली नाही.

ती काच त्या बंगल्याच्या दारात बसणार होती. बघायला मी एकटाच गेलो, वसुधाला म्हणे कंटाळा आला होता. काच अप्रतिम दिसत होती... आणि सही गायब! बरोबर त्या कोपऱ्यावर लाकडी बीडिंगची रुंद पट्टी ठोकलेली.

काच बसवणारा बबन धसईचा, माझाच विद्यार्थी. पन्नाशीला आलाय, पण मी त्याला तिथल्या तिथे दहावी ब मध्ये उभा केला.

"बबन, एका बाईने महिनाभर राबायचं आणि तू तिचं नाव लाकडाखाली गाडायचं? तुझ्या दुकानाची पाटी मी अशी झाकली तर चालेल? बंगल्याच्या मालकाचं नाव फाटकावर हातभर अक्षरांत, नळाच्या तोटीवर कंपनीचं नाव... आणि जिने काच केली तिनेच तेवढं लपून बसायचं?"

बबन शांतपणे स्क्रू आवळत होता. "झालं का सर? आता पाणी प्या."

"पाणी नको. पट्टी काढ!"

"काढतो. पन मग बाई माझ्यावर वरडतील. त्यांनीच सांगितलं व्हतं, बबन, सही पट्टीखाली जाऊ दे, सरांना बोलू नको." मग हळूच म्हणाला, "तुमी इचारलं नाय कधी त्यांना?"

त्याने पट्टी सोडवली. गुळगुळीत जागा, त्यावर 'वसुधा'. पण प्रत्येक अक्षर थरथरलेलं... 'धा'चा काना तीन ठिकाणी मोडलेला. आजवर वाकडी सही मी काचेच्या खडबडीतपणावर ढकलत आलो. इथे तर काच आरशासारखी सपाट होती.

"परत लाव," मी म्हणालो. बबनने लावली.

घरी आलो. चहा आला, अर्धा कप. या वेळी मी कप सोडून हात बघितला.

"कधीपासून?"

"शिमग्याच्या आसपास. भरला कप सांडतो हो... आणि तुम्हाला कळलं की तुम्ही त्याच्यावर निबंध लिहाल, म्हणून नाही बोलले."

लिहिलाच. तिला वाचून दाखवला, "टाका सगळ्यांना वाचायला," म्हणाली, "पण बबनची माफी मागा आधी." मागितली.

सोमवारी ठाण्याला डॉक्टरांकडे जातोय. ते काय सांगतील माहीत नाही. दोन महिने रोज तो हात माझ्यासमोर कप ठेवत होता आणि मी कपात किती चहा आहे तेवढंच बघत होतो.

मला भीती वाटतेय. चहाबद्दलची वरची तक्रार मी मागे घेतो.