आखाजीचा मुहूर्त आणि ताईबाईची होडी

ताईबाईला होडी चालवताना पाहिलेली माणसं पुष्कळ आहेत. ती होडीचं बूड घासत बसली होती ते मात्र निम्म्या गावाने पाहिलं आणि हसून घेतलं. मी हसलो नव्हतो, म्हणून हे लिहायचा हक्क माझा.

आमचं गाव तापीच्या काठावर, चोपड्याच्या बाजूला. खाली बंधारा झाला तेव्हापासून नदी नदीसारखी वाहत नाही, तळ्यासारखी साचून असते. ताईबाईचं केळीचं वावर पलीकडच्या काठावर. पूल द्या म्हणून आम्ही दोनदा रस्ता अडवला, साहेब लोक येऊन नकाशा दाखवून गेले. नकाशावर पूल आहे. ताईबाई नकाशावरून चालत जाऊ शकत नाही, म्हणून तिने होडी करून घेतली.

केली हिलालने. हिलाल ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणारा, त्याने ट्रॉलीच्याच पत्र्याची होडी जोडून दिली. चौकोनी, सपाट बुडाची. पोरं तिला पाण्यातली ट्रॉली म्हणायची. पण ती तरंगायची आणि ताईबाई तिच्यातून खताच्या गोण्या न्यायची, एकटी, लांब बांबू रेटत. नवरा अमृत सुरतेला मिलमध्ये. तो दिवाळीला येतो, शेतीचं बघणारी हीच.

मागच्या वर्षी लेकीचं, मयुरीचं, लग्न झालं. घराला पिस्ता रंग दिला, थोडा उरला. उरलेला टाकायचा कशाला म्हणून होडीच्या बुडाला फासला, तोही गंजावरच. आणि आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, दिवस चांगला म्हणून रंग ओला असतानाच नारळ फोडून होडी पाण्यात ढकलली. आमच्याकडे आखाजीला सगळंच सुरू करतात, त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. श्रावणात रंगाचे फुगे आले, भादव्यात पापुद्रे निघाले, गंजाने पत्र्याला भोकं पाडली. ताईबाई एका हाताने बांबू रेटतेय आणि दुसऱ्या हाताने पातेल्याने पाणी उपसतेय, हे मी काठावरून बघितलंय. तोवर केळीचे घड पलीकडेच पिकून गेले.

मग धाकटा दीर बन्सीलाल बोलला. "वहिनी, औंदा बी होडीमा पानी भरनं ना, तर वावर मी करसू. दादाले सांगेल शे."

दादाने, म्हणजे अमृतने, फोनवर हो म्हटलं होतं. म्हणजे ठरलंच. होडी पावसाळाभर टिकली तर वावर ताईबाईकडे, नाही तर बन्सीलालकडे. मला संताप आला. मी म्हटलं, चला, बन्सीलालच्या दारासमोर बसतो उपोषणाला. ताईबाई म्हणाली, "भाऊ, तुम्ही मोर्चाना माणूस. आते माले रंगनं बघू द्या."

चैत्रात तिने होडी निंबाखाली उलटी घातली. हिलालने भोकांवर ठिगळं जोडली. मग ती चोपड्याला रंगाच्या दुकानात गेली. दुकानदार नवीनशेठ, डबे पुढे सरकवणारा माणूस. हा चमकतो, हा घराला चालतो, हा गेटला चालतो. ताईबाईने विचारलं, "बारा महिने पाण्यात बुडून राहतो तो कोणता?" नवीनशेठ म्हणाला, असलं गिऱ्हाईक आमच्याकडे येतच नाही. ती रिकाम्या हाताने परत आली.

पण प्रश्न घेऊन आली होती. बारा महिने पाण्यात काय असतं? बंधाऱ्याचे दरवाजे. तिथे पावसाळ्याआधीचं रंगकाम चाललं होतं. ताईबाई जेवणाचा डबा बांधून सरळ तिथे गेली आणि सावलीत बसून बघत राहिली. रंगारी सोनगीरचा प्रेमराज. आधी त्याला वाटलं बाई मजुरी मागायला आलीय. नंतर त्यानेच सांगितलं, "अक्का, घरले रंग देतस तसं करू नका. लोखंड उघडं पडू द्या, मंग ब्रश लावा." त्यांचा रंग काळा, डांबरासारखा, पण दोन डब्यांचा. एकात रंग, दुसऱ्यात त्याला घट्ट करणारं औषध. दोन्ही मिसळले की थोड्या वेळात दगड होतो. नाव लिहून घेऊन तिने तो जळगावहून मागवला.

घासायला हिलालचं मशीन होतं, पण वीज कधी असते ते तुम्हाला माहीत आहे. बाकीचं तारेच्या ब्रशने. पिस्ता रंग निघाला, गंज निघाला, पत्रा आरशासारखा नाही पण स्वच्छ पांढरा झाला. ताईबाईच्या पदरावर, भुवयांवर तांबडी धूळ. येणारा-जाणारा थांबायचा. "ताईबाई, भांडं घासी राहिनी का?" ती म्हणायची, "हां, तुन्ही खरकटी थाळी बी आन."

पहिल्या दिवशी चूक झाली. तिने घरच्या रंगासारखा सगळा डबा एकदम कालवला. आमच्याकडे चैत्रातच सावलीतही पत्रा तापतो. अर्धं बूडही झालं नाही, तो रंग डब्यातच तापून घट्ट झाला, ब्रश उभाच्या उभा त्यात रुतला. बन्सीलाल नेमका तेव्हा आला. ब्रश हलवून बघितला, म्हणाला, "वहिनी, खुटा चांगला गाडा."

ताईबाईने त्याला त्याच ब्रशसकट डबा हातात दिला आणि उकिरड्यावर टाकून यायला सांगितलं. आणि तो गेला, हे महत्त्वाचं.

दुसरा डबा आला. आता ती पहाटे पत्रा गार असताना वाटीभर कालवायची, संपवायची, पुन्हा वाटीभर. बूड काळंभोर झालं, एक हात, त्यावर दुसरा. वरच्या बाजूला कोणता रंग, यावर मात्र गावात वाद. भगवा द्या म्हणणारे आले, निळा म्हणणारे आले, हिरव्यावरून तर दोघांत जुंपली. प्रत्येकाला होडीत आपला झेंडा दिसत होता. ताईबाईने लाल प्रायमरवर हळदी पिवळा दिला. "पानीमा दिसाले पाहिजे. मी मतं मांगाले जास नही."

आणि आखाजी आली. झोके बांधले, माहेरवाशिणी आल्या, मयुरीही आली. बन्सीलाल नारळ घेऊन चार म्हाताऱ्यांसह हजर. म्हणे आजच्यासारखा मुहूर्त नाही, होडी पाण्यात घाला. ताईबाईने बुडाला नख लावून बघितलं. वरून कोरडं, पण नख किंचित रुतत होतं. प्रेमराजने आठवडाभर थांबायला सांगितलं होतं. म्हातारे कुरकुरले. सुनेने आखाजीचा मुहूर्त मोडायचा? मयुरी सुद्धा आईकडे बघायला लागली.

"मुहूर्त मन्हा नही, रंगना शे," ताईबाई म्हणाली. "तो सुकी तवय होडी पानीमा जाई." नारळ तिने घेतला, फोडला, खोबरं सगळ्यांना वाटलं. होडी जागची हलली नाही. मी पोलिसांच्या गाडीपुढे बसलेला माणूस आहे. पण घरच्या म्हाताऱ्यांपुढे, सणाच्या दिवशी, आवाज न चढवता नाही म्हणणं, ते वेगळंच बळ आहे.

पावसाळा यंदा दणकून झाला. जलपर्णीच्या हिरव्या गालिच्यातून ती पिवळी होडी रोज जाताना दिसायची. खत गेलं, घड आले. उतरल्यावर ताईबाई हाताने होडीचा तळ चाचपायची आणि कोरडा हात पदराला पुसायची.

दिवाळीआधी तिने होडी काठावर ओढून उलटी केली. बन्सीलाल आला. विळ्याच्या टोकाने एका जागी खरडलं, दुसऱ्या जागी खरडलं. काळा रंग तसाच.

"खरड, खरड," ताईबाई म्हणाली. "पन तेवढ्या जागाले रंग तूच देशी."

त्याने विळा खाली ठेवला. तेवढ्यात अमृतचा फोन आला. बन्सीलालला काय सांगू, असं तो विचारत होता. ताईबाई दिराकडे बघतच बोलली, "सांगा, केळीना रोपंनी ऑर्डर मी दी दिन्ही. लावाले मदत करनी व्हई तर ये म्हना, होडीतून लई जासू."